मधले पद कुठे गेले?

घरात एक भाषा, शाळेत दुसरी आणि बाजारात तिसरी ही कसरत आपल्या सीमाभागातल्या घरांना नवी नाही. मात्र ती करणारे आपण एकटेच, असा जो आपला समज असतो तो सुरतेच्या नवागामाची हकिगत ऐकली की गळून पडतो. उधना आणि डिंडोलीच्या अंगाला वसलेला हा सुरतेचा भाग. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची माणसे तापी खोऱ्यातल्या रेल्वेने उधन्याला उतरली, यंत्रमागावर आणि साड्यांच्या बाजारात कामाला लागली आणि तिथलीच झाली. घरात अहिराणी, शाळेत मराठी, रस्त्यावर गुजराती, कारखान्यात हिंदी. सुरत महापालिका गुजरातीखेरीज मराठी, हिंदी, उर्दू, उडिया आणि तेलुगू माध्यमाच्याही शाळा चालवते. यावरून तिथल्या भाषांच्या गर्दीची कल्पना यावी.

माझी एक जुनी विद्यार्थिनी लग्न होऊन या नवागामात गेली. सासर खानदेशी, माहेर आपल्या भागातले, दहावीपर्यंतचे शिक्षण कन्नड माध्यमातून. मुलगा आता आठवीत, मराठी शाळेत. मध्यंतरी तिचा फोन आला. "सर, याच्या पुस्तकात द्विपदी म्हणून काहीतरी आहे. ती आपली द्विपदोक्तीच ना?"

मी भाषेचा मास्तर, गणिताचा नव्हे. पण प्रश्न शब्दाचा होता म्हणून तो माझ्याकडे आला. "तीच," मी म्हटले. ती म्हणाली, "मग अडचण अशी की हा कंसाचा वर्ग करताना मधले पद खातो. (अ + ब)² चे उत्तर अ² + ब² लिहून मोकळा. चुकले म्हणून मी सांगते. पण का चुकले म्हणून विचारतो, तिथे माझे गाडे अडते. सूत्र आहे, पाठ कर, एवढेच सांगते."

वाचकहो, ही एका आईची अडचण नव्हे. आपण एका माध्यमात शिकलो आणि मूल दुसऱ्या माध्यमात शिकते आहे, अशा हजारो घरांत संध्याकाळी हेच चालते. गणित येत नाही असे नसते. गणिताचे शब्द परके झालेले असतात. मग आईवडील हळूहळू मागे सरतात आणि मूल शिकवणीला जाते. म्हणून तिला फोनवर जे सांगितले ते आणि नंतर पुस्तके चाळताना जे सापडले ते, असे दोन्ही इथे मांडतो.

आधी शब्द. 'पद' म्हणजे पाऊल. लग्नात सप्तपदी होते ती सात पावलांची. कन्नडमध्ये सर्वज्ञाची त्रिपदी घरोघरी ठाऊक आहे, आणि कुमारव्यासाचे भारत भामिनी षट्पदीत आहे हेही आपल्याकडच्या मुलांना शाळेत कळते. बीजगणितातले पद असेच. अधिक किंवा वजा या चिन्हांनी एकमेकांपासून वेगळे उभे राहते ते एक पद. एकच असेल तर एकपदी, दोन असतील तर द्विपदी, तीन असतील तर त्रिपदी. गुजरातीत द्विपदी हाच शब्द आहे. कन्नडमध्ये त्याला 'उक्ती' जोडतात: एकपदोक्ती, द्विपदोक्ती, त्रिपदोक्ती. मराठीत आपण ज्याला 'बैजिक राशी' म्हणतो तिला कन्नड पुस्तक 'बीजोक्ती' म्हणते. मराठीने त्यात ढीग पाहिला, कन्नडने बोलणे पाहिले. मला स्वतःला कन्नड शब्द अधिक आवडतो. ५क्ष − १ हे खरोखर एक बोलणेच आहे. क्ष किती ते कळेपर्यंत ते पुरे होत नाही, एवढेच.

गंमत अशी की गुणाकार आणि भागाकार हे शब्द मराठी, कन्नड आणि गुजराती तिन्हींत तेच आहेत. बेरीज-वजाबाकीला मात्र प्रत्येकाने आपापली वाट धरली. गुजरातीत सरवाळो आणि बादबाकी, कन्नडमध्ये संकलन आणि व्यवकलन. यांत कन्नडचे शब्द जुने. भास्कराचार्यांची 'लीलावती' संकलित आणि व्यवकलित हेच शब्द वापरते.

भास्कराचार्यांचे नाव आले ते काही अलंकार म्हणून नव्हे. द्विपदीची बेरीज, गुणाकार आणि वर्ग यांची उदाहरणे त्यांच्या 'बीजगणित' या ग्रंथात जशीच्या तशी आहेत. तो ग्रंथ शके १०७२ चा, म्हणजे इ.स. ११५० चा. अज्ञात संख्येला ते 'यावत्तावत्' म्हणतात. आपल्या बोलीत सांगायचे तर 'जितके असेल तितके'. कन्नड घरात 'एष्टो अष्टु' म्हटले की आजीलाही कळते. लिहिताना त्याचे पहिले अक्षर 'या', आणि साध्या आकड्याला 'रूप', त्याचे 'रू'. ऋण संख्येच्या डोक्यावर एक टिंब. आणखी अज्ञात आले तर त्यांना काळक, नीळक, पीतक अशी रंगांची नावे.

त्यांचे बेरजेचे उदाहरण असे: एक अज्ञात आणि वर एक, दोन अज्ञात आणि त्यांत आठ कमी, या दोहोंची बेरीज किती? आंब्याच्या पेट्यांवर सांगतो. पेटीत किती आंबे आहेत ठाऊक नाही, पण सगळ्या पेट्या सारख्या. एकाकडे एक पेटी आणि एक सुटा आंबा. दुसऱ्याकडे दोन पेट्या, पण त्यांतले आठ आंबे काढून दिलेले. एकत्र केले तर तीन पेट्या, आणि त्यांत सात कमी. (क्ष + १) + (२क्ष − ८) = ३क्ष − ७. पेट्या पेट्यांत गेल्या, सुटे सुट्यांत गेले. भास्कराचार्यांचा नियम हाच: सजातीयांची बेरीज करा, विजातीय वेगळे ठेवा. 'सजातीय पदे' हा आजच्या मराठी पुस्तकातला शब्द आणि 'सजाती पद' हा कन्नड पुस्तकातला, दोन्ही या एका कल्पनेतून आलेले. वजाबाकीत फक्त एवढेच लक्षात ठेवायचे की कंसातल्या दोन्ही पदांची चिन्हे उलटतात, पहिल्याच पदाचे नव्हे. मुले चुकतात ती इथे.

इथे एक तक्रार नोंदवतो. 'अ म्हणजे आंबा, ब म्हणजे बोर, म्हणून आंबे आणि बोरे मिसळत नाहीत' असे सांगण्याची आपल्याकडे पद्धत आहे. बेरजेपुरते ते चालून जाते. गुणाकाराला बसलो की आंब्याला बोराने गुणायचे कसे हा प्रश्न उभा राहतो आणि मूल गोंधळते. क्ष म्हणजे आंबा नव्हे, पेटीतल्या आंब्यांची संख्या. हा फरक पहिल्याच दिवशी सांगितला तर पुढचा बराच त्रास वाचतो.

गुणाकार म्हणजे लग्नातल्या भेटी समजा. वरपक्षाची दोन माणसे, वधूपक्षाची दोन. प्रत्येकाने समोरच्या प्रत्येकाला भेटायचे. म्हणजे भेटी चार. भास्कराचार्य विचारतात, पाच अज्ञातांत एक कमी, याला तीन अज्ञात अधिक दोन याने गुणा. (५क्ष − १)(३क्ष + २). पहिली भेट १५क्ष², दुसरी १०क्ष, तिसरी वजा ३क्ष, चौथी वजा २. मधल्या दोघी सजातीय, त्या एकत्र होऊन ७क्ष झाल्या. उत्तर १५क्ष² + ७क्ष − २. पेन्सिलने चार बाण काढले की कुणाची भेट राहिली ते मुलाला डोळ्यांनी दिसते.

नवागामातल्या त्या मुलाने काय केले ते आता कळते. (अ + ब)² म्हणजे (अ + ब) ला (अ + ब) नेच गुणायचे. त्याने अ ला अ भेटवला, ब ला ब भेटवला आणि पंगत बसवली. अ ची ब शी भेट, ब ची अ शी भेट, या दोन राहून गेल्या. म्हणून मधले पद २अब. ते सूत्रात कुणी वरून घातलेले नाही.

भेटींची उपमा पटत नसेल तर फरशी बघा. चौरस खोली, बाजू दहा फूट. ती दोन बाजूंनी चार-चार फूट वाढवली. आता बाजू चौदा फूट. जुन्या खोलीची फरशी शंभर चौरस फूट, कोपऱ्यातल्या नव्या चौकोनाची सोळा. शंभर अधिक सोळा म्हणून एकशे सोळा चौरस फुटांची शहाबादी मागवणाऱ्या माणसाच्या घरात दोन पट्टे मातीचेच राहतील. दहा गुणिले चार असा एक पट्टा, तसाच दुसरा. ऐंशी चौरस फूट. सगळे मिळून १९६. ग्रीक गणिती युक्लिड इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास हीच आकृती काढून हीच गोष्ट सिद्ध करतो.

'लीलावती'मध्ये चौदाचाच वर्ग विचारला आहे. तिथे चार संख्यांचे वर्ग मागितले आहेत: ९, १४, २९७ आणि १०,००५. पण मूळ श्लोकात २९७ ही संख्या सरळ सांगितलेलीच नाही. 'तीन कमी तीनशे' असे म्हटले आहे. आणि शेवटची संख्या 'पाच अधिक दहा हजार' अशी. श्लोकात संख्या बसवण्याची ही नेहमीची रीत, हे खरे. पण इथे प्रश्नातच उत्तराची किल्ली ठेवलेली आहे. नियम असा: संख्येचे दोन खंड करा, त्यांच्या गुणाकाराची दुप्पट घ्या, तीत दोन्ही खंडांचे वर्ग मिळवा. नऊचे खंड चार आणि पाच, गुणाकार वीस, दुप्पट चाळीस, वर्ग सोळा आणि पंचवीस, एकूण एक्याऐंशी. लक्षात घ्या, दुपटीचा उल्लेख आधी आहे, वर्गांचा नंतर. आपली मुले जे विसरतात ते तिथे सर्वांत आधी सांगितले आहे.

आता २९७ घ्या. तीनशेचा वर्ग ९०,०००. तीनशे आणि तीन यांच्या गुणाकाराची दुप्पट १,८००, ती वजा. तिनाचा वर्ग ९, तो अधिक. उत्तर ८८,२०९. 'लीलावती'त आणखी एक युक्ती आहे. २९७ मध्ये तीन मिळवा, तीन वजा करा. ३०० आणि २९४. त्यांचा गुणाकार ८८,२००, त्यात तिनाचा वर्ग मिळवला की तेच ८८,२०९. पुस्तकातले (अ + ब)(अ − ब) = अ² − ब² हे सूत्र ते हेच. या गुणाकारात मधल्या दोन भेटी होतात, पण एक अधिक आणि एक वजा, म्हणून एकमेकींना खातात. मधले पद खरोखर नाहीसे होते ते इथे. आणि १०,००५ चा वर्ग तर तोंडीच येतो: दहा कोटी, एक लाख, पंचवीस. मुलाला हा करून दाखवायला सांगा. कॅल्क्युलेटर शोधून आणणाऱ्याच्या आधी त्याचे उत्तर तयार असते, आणि त्याला जो आनंद होतो तो शंभर उदाहरणे घासून होत नाही.

माझ्या विषयाकडे थोडे वळतो. वृत्ते शिकताना मराठीत 'यमाताराजभानसलगम्' आपण सगळ्यांनी घोकले आहे. तीन अक्षरांचा एक गण, प्रत्येक अक्षर लघु किंवा गुरू, म्हणून गण आठ. कन्नड छंदाच्या तासाला हे आठ गण वेगळ्या रीतीने लावून शिकवतात: तिन्ही अक्षरे सारखी ते म आणि न, वेगळे अक्षर पहिले असेल तर भ आणि य, मधले असेल तर ज आणि र, शेवटचे असेल तर स आणि त. आता हीच मांडणी मोजा. तिन्ही गुरू असा गण एक, म. दोन गुरू एक लघु असे गण तीन: य, र, त. एक गुरू दोन लघु असे तीन: ज, भ, स. तिन्ही लघु एक, न. एक, तीन, तीन, एक.

आठवीतल्या मुलाला विचारा (अ + ब)³ चा विस्तार. अ³ + ३अ²ब + ३अब² + ब³. सहगुणक एक, तीन, तीन, एक! तीन कंसांतून प्रत्येकी एक अक्षर उचलायचे, अ किंवा ब. गणात तीन जागी एकेक अक्षर बसवायचे, गुरू किंवा लघु. काम एकच. दोन अक्षरांपुरते पाहिले तर गुरू-गुरू, गुरू-लघु, लघु-गुरू, लघु-लघु. म्हणजे एक, दोन, एक. कवितेत गुरू-लघु आणि लघु-गुरू वेगळे, कारण चाल बदलते. गुणाकारात अब आणि बअ सारखेच, म्हणून ते मिळून २अब. पिंगलाच्या छंदशास्त्रावर दहाव्या शतकात टीका लिहिणाऱ्या हलायुधाने या आकड्यांचा त्रिकोण मांडला, त्याला मेरुप्रस्तार म्हणतात. युरोपात तो पास्कलच्या नावाने ओळखला जातो; पास्कल सतराव्या शतकातला. न्यूटनने पुढे १६६५ च्या सुमारास अपूर्णांक घातांकापर्यंत द्विपदीचा विस्तार नेला, पण तो आठवीच्या पुष्कळ पलीकडचा विषय आहे.

भास्कराचार्य कुणाचे, हा प्रश्न आपल्या भागात टळणार नाही. त्यांनी आपले गाव 'विज्जडविड' असे सांगितले आहे, सह्य पर्वताच्या आश्रयाने असलेले. नावावरून पुष्कळांनी ते विजापूर म्हणजे २०१४ पासूनचे विजयपूर मानले. तिथे सह्याद्री जवळ नाही, म्हणून इतरांनी ते चाळीसगावजवळच्या पाटणच्या परिसरात शोधले. दोन्ही बाजूंनी भरपूर लिहिले गेले आहे आणि निकाल लागलेला नाही. मला या भांडणात फारसा रस वाटत नाही. पण पाटणला एक शिलालेख आहे, त्यात मात्र जरूर वाटतो. इ.स. १२०७ मध्ये यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी चांगदेव, म्हणजे भास्कराचार्यांचा नातू, याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला. निकुंभ घराण्यातल्या स्थानिक सामंतांनी त्याला देणगी दिली. लेख संस्कृतात आहे, पण शेवटी मठाला रोजचे उत्पन्न कुठून मिळायचे ते सांगताना भाषा मराठी होते. पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचा कर मठाला. चालत्या प्रत्येक घाण्यामागे एक पळी तेल मठाला. श्लोक पंडितांसाठी, पण तेल्याला आणि वाण्याला त्यांच्या बोलीत. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख उजेडात आणला.

ते पाटण खानदेशात आहे. नवागामातल्या कित्येक घरांचे मूळ गाव तिथून फार लांब नाही. आपल्याकडची विद्यार्थिनी विजापूरच्या बाजूने त्या घरात गेली आणि मुलगा पाटणच्या बाजूचा. दोन्ही दावे एकाच स्वयंपाकघरात नांदत आहेत. मी तिला हे सांगितले तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "सर, पण उद्या याची चाचणी आहे."

चाचणीसाठी तिला जे सांगितले ते साधे आहे, आणि कुठल्याही माध्यमातल्या पालकाला जमेल. मुलाने विस्तार लिहिला की अक्षरांच्या जागी लहान आकडे घालायला लावायचे. अ = १, ब = १. कंसात दोन, त्याचा वर्ग चार. मुलाच्या उत्तरात १ + १ म्हणजे दोन आले तर चूक त्याची त्यालाच दिसते. आईला सूत्र ठाऊक असण्याची गरज नाही. शून्य मात्र घालू द्यायचे नाही, कारण ब = ० घेतले तर चुकीचे उत्तरही बरोबर ठरते आणि पोरे हे लवकर हेरतात. एका आकड्याने जुळले म्हणून उत्तर बरोबरच असेल असेही नाही. दोन-तीन वेळा पडताळावे. आठवीनंतर माध्यम बदलायची पाळी आली तरी ही रीत बदलत नाही, आणि हल्ली सगळ्याच माध्यमांच्या पुस्तकांत अक्षरे इंग्रजी असल्याने कंस तर सगळीकडे सारखाच दिसतो.

पडताळण्यासाठी 'बीजगणिता'तलेच एक उदाहरण घरी घ्या: चार अज्ञातांतून सहा वजा, त्याचा वर्ग. (४क्ष − ६)² = १६क्ष² − ४८क्ष + ३६. क्ष च्या जागी २ घाला. कंसात आठ वजा सहा, म्हणजे दोन, वर्ग चार. उजवीकडे ६४ वजा ९६ अधिक ३६, तेही चार. मधले ९६ गाळले तर शंभर येतात.